बर्फातली पायताणं

दरवर्षी नोव्हेंबरात ओटावाहून लेकीचा फोन येतो. इकडच्या तिकडच्या गप्पा होतात, आईच्या गुडघ्यांची चौकशी होते आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणते, "बाबा, टायर बदलले हं." मी म्हणतो, "बरं झालं." एवढंच. आमची ही शेजारी बसून गालातल्या गालात हसते.

ऐकणाऱ्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण आमच्या घरात या वाक्यामागे एक प्रकरण आहे आणि त्यात माझी बाजू फारशी बरी नाही. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पानिपतात कोणाचं कुठे चुकलं, हे मुलांकडून पाठ करून घेतलं. तेव्हा आज एक स्वतःची चूक सांगतो आणि तिच्या निमित्ताने टायरचा इतिहास. नेहमीच्या वाचकांना माझी खोड ठाऊकच आहे. घरातल्या गोष्टीवरून निघतो आणि भलतीकडे जाऊन पोचतो. नातेवाईक मंडळींनी हसायला हरकत नाही.

मी २०१० साली निवृत्त झालो आणि २०११ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं पहिल्यांदा कॅनडाला गेलो. लेक-जावई आधी तीन वर्षं व्हँकुव्हरला होते. तिथे थंडी त्या मानाने सौम्य, पाऊसच जास्त. त्याच उन्हाळ्यात त्यांची बदली ओटावाला झालेली. नवं घर, नवे हप्ते, नात चार वर्षांची. एका रात्री जेवताना जावई म्हणाले, "बाबा, इथे हिवाळी टायर घ्यायला हवेत. चार टायर, रिमसकट हजारेक डॉलर होतील."

मी लगेच मनात अठ्ठेचाळीसने गुणलं. ही सवय आपल्याकडच्या आईवडिलांची काही जात नाही. जवळजवळ पन्नास हजार रुपये! आणि तेही कशासाठी, तर गाडीला आधीच चार टायर असताना आणखी चार घेण्यासाठी. जेवण झाल्यावर मी बॅटरी घेऊन गॅरेजात गेलो आणि टायर बघून आलो. नक्षी शाबूत, एकही गोटा झालेला नाही. वर टायरवर लिहिलेलंच होतं, 'ऑल सीझन'. सगळ्या ऋतूंचा. मी म्हटलं, "अहो, हिवाळा हा काय ऋतू नाही? हे टायर अजून दोन वर्षं हलत नाहीत. आमच्याकडे लोक रिमोल्ड करकरून वापरतात." मास्तरी तर्क! जावई भिडस्त, सासऱ्यापुढे काय बोलणार. लेक म्हणाली, "ठीक आहे, एक हिवाळा बघू." ओंटारिओ प्रांतात सर्वसाधारण गाड्यांना हिवाळी टायरची सक्ती तेव्हा नव्हती, आजही नाही.

डिसेंबरच्या मध्याला ते झालं. रात्री बारीक पाऊस पडून रस्त्यावरच गोठला होता आणि त्यावर पहाटे बोटभर भुरभुरता बर्फ. जावई कामासाठी टोरांटोला गेलेले. लेक गाडी चालवत होती, मी पुढे, नात मागे तिच्या खुर्चीत. तिला पाळणाघरात सोडून मला वाचनालयात उतरवायचं, असा बेत. एका उताराच्या तळाशी सिग्नल होता, तो लाल झाला. लेकीने ब्रेक दाबला. पायाखाली कडकड कडकड असा आवाज आला. आणि गाडी चालतच राहिली. वेग फार नव्हता, तीस-पस्तीस असेल. पण ती थांबतच नव्हती. लेकीने चाक वळवलं, तरी गाडी सरळच. डावीकडून शहराची बस येत होती. तिच्या चालकाने भोंगा दाबून धरला, त्यालाही जोरात ब्रेक मारता येत नसणार. आम्ही चौक ओलांडला आणि बस आमच्या मागून दोन-तीन हातांवरून गेली. पलीकडे कडेला लोटून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगात आमची गाडी रुतून थांबली.

कोणाला काही लागलं नाही. लेकीचे हात चाकावर थरथरत होते. मागून नात म्हणाली, "आजोबा, गाडी ऐकत का नव्हती?"

लेक मला त्या दिवशी काही बोलली नाही. नंतरही कधी नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

त्याच आठवड्यात टायर घेतले. गॅरेजातला मेकॅनिक साठीच्या घरातला होता. माझी उत्सुकता पाहून त्याने मला आवारात नेलं. तिथे रात्रभर उघड्यावर पडलेले दोन टायर होते, एक आमच्यासारखा आणि एक हिवाळी. बाहेर उणे पंधरा तरी असेल. "अंगठा दाबून बघ," म्हणाला. पहिला टायर शिसवी लाकडासारखा लागला. दुसऱ्यात अंगठा किंचित का होईना, रुतला. त्याने आणखी काही समजावलं नाही, लागलाही नाही. मग पुढचे तीन महिने मी वाचनालयात हेच वाचत बसलो. प्रायश्चित्त म्हणा हवं तर.

रबर आणि थंडी यांचं भांडण टायरपेक्षाही जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रबराचे बूट, कोट, टोप्या निघाल्या होत्या. पण कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि हिवाळ्यात कडक होऊन तडकत असे. कारखाने बुडाले. चार्ल्स गुडइयर नावाच्या कर्जबाजारी माणसाने या एकाच कोड्यापायी आयुष्य घातलं. १८३९ मध्ये त्याला गंधक आणि उष्णता यांची युक्ती सापडली, १८४४ मध्ये पेटंट मिळालं. रबर उन्हाळ्या-हिवाळ्यात टिकायला लागलं. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉपने हवेचा टायर केला आणि बाकीचं आपल्याला ठाऊक आहे.

पण गुडइयरने भांडण मिटवलं नव्हतं, नुसतं लांबणीवर टाकलं होतं. रबर थंडीत कडक होतंच, फक्त किती थंडीत ते मिश्रणावर ठरतं. डांबर आपल्याला गुळगुळीत दिसलं तरी खरबरीत असतं. मऊ रबर त्या खाचाखोचांत बसतं, म्हणून पकड. कडक झालेलं रबर वरच्यावर टेकून घसरतं. पारा साधारण सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरची पकड उतरायला लागते, असा टायरवाल्यांचा ढोबळ नियम आहे. म्हणजे बर्फ पडायच्या कितीतरी आधी! हिवाळी टायरचं मिश्रणच वेगळं असतं. १९९० नंतर त्यात सिलिकाचा वापर वाढला आणि रबर थंडीतही लवचीक ठेवणं सोपं झालं. तोच टायर जुलैत वापरला तर भराभर झिजतो आणि ब्रेक लावल्यावर लांब जाऊन थांबतो. म्हणजे इकडून घ्यावं तर तिकडे द्यावं लागतं. सगळ्या ऋतूंचा टायर हा तडजोडीचा टायर. अमेरिकेत तो १९७७ पासून लोकप्रिय झाला, कारण वर्षातून दोनदा टायर बदलायचा लोकांना कंटाळा. माझ्यासारखे पैसे वाचवणारे तर जगभर आहेत!

पण रबराचा मऊपणा ही अर्धीच गोष्ट. मोटारगाड्या आल्या तेव्हा थंड देशांतले बरेच लोक हिवाळ्यात गाडी सरळ ठेवून देत आणि घोड्याची घसरगाडी काढत. घोड्यांच्या नालांना हिवाळ्यात टोकदार खिळे बसवत. आपल्याकडे बैलाला पत्री मारतात तसंच, पण हेतू घसरू नये हा. मोटारीचा पहिला उपाय म्हणजे साखळी. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीडने १९०४ मध्ये टायरवर बांधायच्या साखळ्यांचं पेटंट घेतलं. लोक चिखलात-बर्फात चाकाला दोर गुंडाळत, ते पाहून त्याला हे सुचलं असं सांगतात. खोल बर्फात आजही साखळीला तोड नाही. तुमच्यापैकी जे हिवाळ्यात काश्मीरला जाऊन आलेत, त्यांना टंगमर्गहून गुलमर्गला चढताना गाडीच्या चाकांवर बांधलेल्या साखळ्या आठवतील. पण साखळी बांधून वेगाने जाता येत नाही, आणि रस्ता मोकळा लागला की ती काढावी लागते, नाहीतर टायरही जातो आणि रस्ताही.

मग साखळीचं काम टायरनेच केलं तर? हा प्रश्न फिनलंडमध्ये सुटला, आणि तोही कुठे, तर नोकिया गावात! हो, तेच नोकिया. आपल्या सगळ्यांच्या खिशात एके काळी ज्याचा फोन होता ते नाव मुळात एका गावाचं. तिथे फिनिश रबर कारखाना होता. १९६७ मध्ये कागद, तारा आणि रबर अशा तीन कंपन्या एक होऊन मोठी नोकिया कंपनी झाली आणि १९८८ मध्ये टायरचा धंदा पुन्हा वेगळा निघाला. या कारखान्याने १९३४ मध्ये खास हिवाळ्यासाठी मालट्रकचा टायर काढला. आडव्या, खोल खाचांचा. तेव्हा तिथले रस्ते हिवाळ्यात आजच्यासारखे साफ होत नसत आणि ट्रकला तर जावंच लागे. दोन वर्षांनी, १९३६ मध्ये, मोटारीसाठी टायर आला. त्याचं नाव हाक्कापेलीट्टा.

हे नाव वाचून मी वाचनालयात एकटाच हसलो. हाक्कापेलीट्टा म्हणजे तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ याच्या सैन्यातले फिनिश घोडेस्वार. 'हाणा त्यांना' अशा अर्थाची त्यांची आरोळी होती, तीवरून हे नाव पडलं. आपल्याकडच्या 'हर हर महादेव'सारखंच. तो राजा १६३२ मध्ये लुट्झेनच्या लढाईत पडला, तेव्हा आपले शिवाजी महाराज दोन वर्षांचे होते. नववीच्या वर्गाला तीस वर्षांचं युद्ध शिकवताना हा टायर मला ठाऊक असता तर मुलांनी ते कधी विसरलं नसतं.

आता खोल बर्फात हा टायर करतो काय? मला वाटायचं की खाचा खोल म्हणजे त्या बर्फ उकरून खालच्या रस्त्याला भिडत असतील. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचा टायर चिखलात करतो तसं. चिखलाच्या टायरची खुबी अशी, की खाचेतला चिखल फिरताना बाहेर फेकला जावा, खाच मोकळी राहावी. बर्फाचं काहीसं उलट आहे. ताजा बर्फ दाबला की घट्ट होतो आणि बर्फाला बर्फ धरतो. लहान मुलं बर्फाचे लाडू वळतात, ते का वळले जातात? याचमुळे. हिवाळी टायरच्या खाचांत बर्फ भरतो, दाबला जातो आणि तो रस्त्यावरच्या बर्फाला पकडतो. ती दाबलेली वीट मोडायला जेवढा जोर लागेल तेवढी पकड. म्हणून हिवाळी टायरच्या नक्षीत बर्फ भरलेला दिसला तर तो टायर काम करतोय असं समजावं.

म्हणूनच खाचेची खोली महत्त्वाची. बऱ्याच देशांत टायर १.६ मिलिमीटरपर्यंत झिजेस्तोवर कायद्याने चालतो. पण बर्फात ४ मिलिमीटरच्या खाली उतरलेला हिवाळी टायर जवळजवळ नावापुरताच उरतो. आणि अरुंद टायर खोल बर्फात रुंद टायरपेक्षा बरा, कारण रुंद टायरला समोरचा बर्फ जास्त ढकलावा लागतो. पण यालाही मर्यादा आहे. बर्फ गाडीच्या पोटाला लागला की गाडी त्यावर आडवी पडल्यासारखी होते, चाकं अधांतरी फिरतात. तिथे कोणताही टायर असो, फावडं काढावं लागतं.

नक्षीच्या ठोकळ्यांवर बारीक बारीक चिरा असतात, त्यांचीही एक गोष्ट आहे. जॉन साइप नावाच्या माणसाने १९२३ च्या सुमारास त्यांचं पेटंट घेतलं. तो कत्तलखान्यात कामाला होता, ओल्या फरशीवरून पाय घसरायचा, म्हणून त्याने आपल्या बुटांच्या तळव्यांना सुरीने चिरा पाडल्या, असं सांगतात. कोणी म्हणतात तो जहाजावर खलाशी होता. काही असो, सुरुवात पायताणापासून झाली. चीर उघडली की तिची कड रस्त्याला घासते आणि ओलावा आत जातो. हिवाळी टायरवर अशा शेकडो चिरा असतात, त्या बर्फावर शेकडो नखांसारखं काम करतात.

इथपर्यंत भुसभुशीत बर्फाची गोष्ट झाली. आम्ही घसरलो तो दुसरा बर्फ. मराठीत पावसाला रिमझिम, भुरभुर, मुसळधार असे किती शब्द आहेत, पण आकाशातून पडतो तोही बर्फ आणि काचेसारखा गोठतो तोही बर्फ. मी या दुसऱ्याला काचबर्फ म्हणतो. काचबर्फाला दाबून वीट होत नाही. त्यावर घसरतो ते पाण्यामुळे. मायकेल फॅरेडेने १८५० मध्येच दाखवलं होतं की बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की ते चिकटतात, म्हणजे बर्फाच्या वरच्या थराला काहीतरी पातळ लागत असावं. त्यात चाकाच्या घर्षणाने आणखी पातळ पाणी होतं. म्हणून गंमत अशी, की उणे पंचवीसला काचबर्फ त्या मानाने बरा आणि शून्याच्या आसपास सगळ्यात वाईट. आमची ती डिसेंबरातली सकाळ फार थंड नव्हती, म्हणून तर मी बेफिकीर होतो!

शाळेतलंच साधं गणित करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यापासून साधारण १२ ते १५ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तेच अंतर ४० च्या आसपास जातं आणि ओलसर काचबर्फावर १०० मीटरपर्यंत. चांगला हिवाळी टायर हे अंतर कमी करतो, पण काचबर्फाचं डांबर करत नाही. आणि वेग दुप्पट केला की अंतर चौपट. चारही चाकांना जोर असलेली गाडी घेतली म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. ती बर्फातून निघायला मदत करते. थांबताना सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर ब्रेक असतो, तिथे तिचा काही वेगळा उपयोग नाही.

काचबर्फावर उपाय म्हणून खिळे आले. पुन्हा घोड्याच्या नालाचीच युक्ती. टायरमध्ये टंगस्टन कार्बाइडची टोकं असलेले बारीक खिळे बसवायचे. १९६१ मध्ये नोकियाच्या कारखान्याने खिळ्यांचा हाक्कापेलीट्टा काढला आणि दशकभरात उत्तरेकडे सगळीकडे खिळे झाले. काचबर्फावर त्यांनी खरंच जीव वाचवले. पण बर्फ नसलेल्या रस्त्यावर हेच खिळे डांबर खरवडतात. रस्त्यांना चाकोऱ्या पडल्या. मिनेसोटाने आणि ओंटारिओने १९७१ मध्ये बंदी घातली. उत्तर ओंटारिओत २००५ पासून ते पुन्हा चालतात.

सगळ्यात बोलकी गोष्ट जपानची. १९८० च्या दशकात सेंदाई, साप्पोरो या शहरांत हिवाळा संपता संपता खिळ्यांनी खरवडलेल्या डांबराची धूळ हवेत उडायला लागली. लोक तोंडाला फडकी लावून फिरत. घरात कपडे वाळत घालावे लागत. आंदोलनं झाली आणि १९९० मध्ये खिळ्यांविरुद्ध कायदा झाला. धूळ गेली. पण आता सगळ्या गाड्या बिनखिळ्यांच्या टायरवर. खिळे आधी काचबर्फ खरवडून खडबडीत ठेवत असत. आता हजारो मऊ टायर चौकाचौकात थांबत-निघत त्याच बर्फावर घासू लागले आणि तो आरशासारखा झाला. साप्पोरोत त्याला 'त्सुरुत्सुरु' रस्ते म्हणतात, म्हणजे गुळगुळीत. पायी चालणारेसुद्धा पडू लागले. मग नगरपालिकेने चौकात वाळूच्या पेट्या ठेवल्या. येणाऱ्याजाणाऱ्याने मूठभर वाळू घ्यावी आणि रस्त्यावर टाकावी. हे वाचून मला एकदम वारीच्या वाटेवरच्या पाणपोया आठवल्या. सगळ्यांसाठी ठेवलेलं, आणि सगळ्यांनीच हात लावायचं.

त्याच काळात जपानी टायरवाल्यांनी बिनखिळ्यांचा टायर सुधारला. १९८८ मध्ये ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक आला. त्याच्या रबरात पावासारखी सूक्ष्म छिद्रं असतात. ती बर्फावरचा पाण्याचा पापुद्रा शोषतात आणि रबर कोरड्या बर्फाला टेकतं. खिळ्यांइतकी पकड ओल्या काचबर्फावर यानेही येत नाही, पण रस्ता आणि फुप्फुसं वाचतात. हा वाद मिटलेला नाही. स्टॉकहोमने २०१० मध्ये एका मोठ्या रस्त्यावर खिळ्यांना बंदी घातली, ती धुळीसाठीच. फिनलंडमध्ये मात्र आजही पुष्कळ गाड्या खिळ्यांवरच चालतात. ज्या गावचा बर्फ तसं त्या गावचं पायताण.

मी ज्या 'ऑल सीझन' अक्षरांवर विसंबलो त्यांचाही उलगडा वाचनालयात झाला. अशा टायरवर बहुधा 'एम अधिक एस' असं छापलेलं असतं, म्हणजे चिखल आणि बर्फ. पण हे चिन्ह नक्षीच्या आकारावरून मिळायचं, बर्फात चालवून बघून नव्हे. १९९९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या टायर उत्पादकांच्या संघटनांनी नवं चिन्ह आणलं. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचं फूल. दाबलेल्या बर्फावर चाचणी घेऊन, ठरवून दिलेल्या नमुन्याच्या टायरपेक्षा निदान दहा टक्के जास्त पकड दाखवली तरच ते मिळे. पण ती चाचणी पकड घेऊन पुढे जाण्याची, काचबर्फावर थांबण्याची नव्हे. काचबर्फासाठी वेगळं चिन्ह युरोपच्या टायर-लेबलवर २०२१ मध्ये आलं. म्हणजे मी निकालपत्रक न बघता प्रगतिपुस्तकावरचं मुखपृष्ठ वाचून मुलाला पास करून टाकलं होतं!

आता कायद्याविषयी. ओटावा नदीच्या अलीकडे ओंटारिओ, पुलापलीकडे गातिनो हे शहर, ते क्यूबेक प्रांतात. बर्फ दोन्हीकडे एकच. पण क्यूबेकमध्ये २००८ पासून तिथे नोंदलेल्या गाड्यांना हिवाळ्यात हिवाळी टायर सक्तीचे आहेत. आधी १५ डिसेंबर ते १५ मार्च, आणि २०१९ पासून १ डिसेंबरपासूनच. २०१४ पासून ते डोंगर आणि फुलाचं चिन्हही हवं. कायदा करताना एक आकडा सांगितला जात होता. नव्वद टक्के लोक आधीच हिवाळी टायर वापरतात आणि न वापरणारे दहा टक्के लोक हिवाळ्यातल्या ३८ टक्के अपघातांत असतात. मास्तर म्हणून मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. जो टायर बदलत नाही तो इतर बाबतींतही बेफिकीर असू शकतो, सगळा दोष टायरचाच असेल असं नाही. पण त्या दहा टक्क्यांत एका वर्षी आम्हीही होतो (पुलाच्या अलीकडे असलो म्हणून काय झालं) आणि आमची लेक काही बेफिकीर नव्हती. तिने फक्त वडिलांचं ऐकलं होतं. ओंटारिओने सक्ती केली नाही. २०१६ पासून विमा कंपन्यांनी हिवाळी टायरला सवलत द्यावी, एवढा नियम केला.

या सगळ्या वाचनानंतर मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. साखळी आली, ती रस्ता खराब करते. खिळे आले, त्यांनी हवा खराब केली. खिळे गेले, रस्ते आरसे झाले. मऊ रबर आलं, ते उन्हाळ्यात झिजतं. शंभर वर्षांत कोणी बर्फाला जिंकलं नाही. ज्यांनी काही मिळवलं ते लोक त्या बर्फात राहणारे होते. नोकियातले, साप्पोरोतले, आणि गॅरेजातला तो म्हातारा मेकॅनिक. कोरड्या घाटावर बसून, डॉलरला अठ्ठेचाळीसने गुणून, तिथली गोष्ट ठरवायला मी गेलो. काटकसर हा आमच्या पिढीचा गुण होता, अजूनही मी तो सोडलेला नाही. पण ज्या गावच्या वाटेने कधी गेलो नाही, त्या वाटेच्या पायताणाबद्दल आपण विचारावं, सांगू नये.

मार्चमध्ये आम्ही परत निघालो तेव्हा लेकीने विमानतळावर सोडलं. तोच उतार, तोच सिग्नल. आदल्या रात्री बर्फ पडला होता. सिग्नल लाल झाला. लेकीने लांबूनच वेग कमी केला आणि गाडी रेषेच्या अलीकडे हळूच थांबली. नात मागून म्हणाली, "आज ऐकलं!"

आता ती कॉलेजात जाते, परवाना मिळालाय, गाडी चालवते. यंदाही फोन आला, "बाबा, टायर बदलले हं." यंदा मी नुसतं 'बरं झालं' म्हटलं नाही. विचारलं, "नक्षी किती मिलिमीटर उरलीय?" लेक दोन क्षण गप्प झाली आणि मग जोरात हसली. म्हणाली, "सहा, बाबा. मोजली."

असो. फार लांबलं. तुमच्यापैकी कोणी बर्फाच्या देशात गाडी चालवत असाल तर आपला अनुभव जरूर लिहा. आणि कोणाचे आईवडील तिकडे यायचे असतील, तर त्यांना आधी आवारात नेऊन टायरला अंगठा दाबायला लावा. मग खर्चाचं बोला.